पर्यायातला ‘च’ शोधा: क्लॅटच्या उताऱ्यांवरचे अवघड प्रश्न कसे सोडवावेत

‘मॅडम, दोन पर्याय मी लगेच उडवतो. उरलेल्या दोनांत मात्र नेमका चुकीचा धरतो.’

क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. मागच्या पावसाळ्यात एका मुलाने हेच सांगत आपली मॉक, म्हणजे सोडवलेली सराव परीक्षा, माझ्यासमोर ठेवली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, वाचनाची मनापासून आवड असलेला मुलगा. त्याच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेनाने रेघ होती आणि प्रश्नांच्या बाजूला मात्र एकही खूण नव्हती. मी म्हटलं, ‘तू निवडलेलं उत्तर उताऱ्यात कुठे आहे? बोट ठेव.’ बोट दुसऱ्या परिच्छेदावर गेलं, तिथून चौथ्यावर, मग परत वर आलं. शेवटी तो म्हणाला, ‘थेट असं कुठे लिहिलेलं नाहीये, पण लेखकाला तसंच म्हणायचंय.’

त्या ‘तसंच’मधल्या ‘च’पायी त्याचे गुण जात होते. उताऱ्यात ‘तसं असू शकतं’ एवढंच होतं.

अवघड प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो. उतारा समजलेला असतो, विषयही कळलेला असतो, पण पर्यायातला एखादा शब्द उताऱ्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलेला असतो आणि तो नजरेतून सुटतो. तो शब्द पकडण्याची सवय लावता येते. ती कशी लावायची, ते या लेखात सांगते.

आधी वेळेचं गणित

२०२० पासून क्लॅटचा पदवी प्रवेशाचा पेपर उताऱ्यांवर बेतलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून १२० प्रश्न आणि १२० मिनिटं असा हिशेब आहे. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, लीगल रीझनिंगचे २८ ते ३२ आणि लॉजिकलचे २२ ते २६. म्हणजे इंग्रजी, कायदा आणि तर्क या तीन विभागांचे मिळून ७२ ते ८४ प्रश्न तुम्ही उतारा किती नेमका वाचता यावरच ठरतात. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, मी लीगलमध्ये भरून काढेन’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

इंग्रजीचा उतारा सुमारे ४५० शब्दांचा असतो. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाने, म्हणजे कन्सोर्टियमनेच, अभ्यासक्रमात म्हटलंय, की बारावीच्या विद्यार्थ्याला तो वाचायला पाच ते सात मिनिटं लागू शकतात. सरासरी सहा मिनिटांचे चार उतारे धरले तर नुसत्या वाचनात २४ मिनिटं संपली, आणि प्रश्न अजून बाकीच आहेत. म्हणून सराव करताना लक्ष्य असं ठेवा: उताऱ्याला तीन मिनिटं, त्यावरच्या सहा प्रश्नांना चार. चार उताऱ्यांच्या २४ प्रश्नांना २८ मिनिटं लागतील. वरची चार-पाच मिनिटं चालू घडामोडींतून काढायची. तिथे उतारा बहुधा विषय सुचवण्यापुरताच असतो आणि उत्तर तुमच्या माहितीतून यायचं असतं, त्यामुळे थेट प्रश्नावर गेलात तरी चालतं.

उतारा वाचताना: कोण बोलतंय?

प्रश्न आधी वाचावेत की उतारा, यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे: उतारा आधी. पर्याय आधी वाचले की चारपैकी तीन चुकीची विधानं डोक्यात बसतात आणि मग उतारा त्यांच्या चष्म्यातून वाचला जातो.

वाचताना सतत एकच प्रश्न मनात ठेवा: हे आत्ता कोण बोलतंय? क्लॅटच्या उताऱ्यात लेखक असतोच, शिवाय त्याचे टीकाकार असतात, सरकार असतं, एखादं न्यायालय असतं, कधी ‘सर्वसाधारण समजूत’ असते. लेखक दुसऱ्याचं म्हणणं आधी इतक्या नीट मांडतो, की घाईत वाचणाऱ्याला ते त्याचंच मत वाटतं. त्यामुळे समासात छोटी अक्षरं लिहायची सवय लावा. लेखकाचं मत तिथे ‘ले’, टीकाकाराचं तिथे ‘टी’. प्रश्नपत्रिका तुमच्या हातात असते, पेन चालवायला हरकत नसते.

रेघा फक्त दोन ठिकाणी. वळणाच्या शब्दाखाली: बट, हाउएव्हर, येट, नेव्हरदलेस, ऑल्दो. आणि लेखकाने एखाद्या गोष्टीला चांगलं-वाईट म्हटलं असेल त्या शब्दाखाली. बस. सगळ्याच ओळींखाली रेघ असेल तर एकाही ओळीखाली नसल्यासारखं होतं.

परिच्छेद संपला की अर्धा क्षण थांबा आणि त्याचं काम पाच-सहा शब्दांत स्वतःला सांगा. ते मराठीत सांगा. ‘इंग्रजीतच विचार करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो या कामासाठी पटत नाही. ‘इथे लेखक लोकांची तक्रार मान्य करतो’, ‘इथे तो त्यावरचा उपाय खोडतो’ असं आपल्या भाषेत म्हणता आलं तर परिच्छेद समजला. नाही आलं तर नुसते डोळे फिरले. वाक्यागणिक भाषांतर मात्र करत बसू नका, त्यात वेळ तर जातोच, शिवाय पुढचा धागाही सुटतो.

एक उतारा, अगदी जवळून

खरा उतारा इंग्रजीत असतो. इथे मी मुद्दाम मराठीत लिहिलेला छोटा नमुना घेते, म्हणजे शब्दांचा अडसर बाजूला राहील आणि पर्याय कसे फसवतात तेवढंच दिसेल.

‘फेरीवाल्यांमुळे पदपथ अडतात, ही तक्रार खोटी नाही. सकाळी आठ वाजता कुठल्याही गर्दीच्या रेल्वे स्थानकाबाहेर उभं राहिलं की ती पटते. पण त्या तक्रारीवरून बहुतेक महापालिका जो निष्कर्ष काढतात, तो तपासायला हवा. फेरीवाले हटवले की पदपथ मोकळा होतो, असं त्या गृहीत धरतात. प्रत्यक्षात कारवाई झालेल्या अनेक ठिकाणी काही आठवड्यांत त्याच जागी दुचाकी उभ्या असलेल्या दिसतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, जागांची आखणी आणि नगर पथविक्रेता समिती अशी रचना दिली. टीकाकार म्हणतात, आखणी म्हणजे अतिक्रमणाला दिलेली मान्यता. हा आक्षेप आखणीचा अर्थच चुकीचा लावतो. जागा आखून देणं म्हणजे कुठे बसता येईल हे सांगणं, आणि त्याच वेळी कुठे बसता येणार नाही हेही सांगणं. आखणीशिवाय केलेली कारवाई रोज नव्याने करावी लागते. आखणी झाल्यावर निदान नियम कोणी मोडला, एवढं तरी सांगता येतं.’

समासात काय येईल? पहिल्या दोन वाक्यांजवळ: ‘ले, तक्रार मान्य’. ‘पण’खाली रेघ. ‘गृहीत धरतात’जवळ महापालिका. ‘टीकाकार म्हणतात’जवळ ‘टी’. ‘चुकीचा लावतो’खाली रेघ, कारण तिथे लेखक निवाडा देतो. ‘निदान’ आणि ‘एवढं तरी’ या शब्दांकडे नुसतं पाहून ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

पहिला प्रश्न: लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता?
अ) फेरीवाल्यांमुळे पदपथ अडतात या तक्रारीत तथ्य नाही.
ब) जागांच्या आखणीशिवाय केलेली कारवाई टिकत नाही.
क) २०१४ च्या कायद्याने सर्वेक्षण आणि समितीची रचना दिली.
ड) पदपथ अडवण्यात फेरीवाल्यांपेक्षा दुचाकींचा वाटा मोठा आहे.

‘अ’ पहिल्याच वाक्याच्या विरुद्ध आहे. तरीही मुलं तो निवडतात, कारण लेखक एकूण फेरीवाल्यांच्या बाजूचा वाटतो. ‘क’ शंभर टक्के खरा आहे, पण तो उताऱ्यातला एक तपशील आहे. मुख्य मुद्द्याच्या प्रश्नात खरा तपशील हे सगळ्यांत जास्त चालणारं आमिष. ‘ड’मध्ये ‘पेक्षा’ आला आहे. उताऱ्यात दुचाकी आहेत, फेरीवाले आहेत, पण त्यांची तुलना कुठेच नाही. पर्यायात ‘पेक्षा’, ‘सर्वांत’, ‘अधिक’ दिसलं की उताऱ्यात तुलना झाली आहे का, हे शोधा. उत्तर ‘ब’.

दुसरा प्रश्न: लेखक कोणत्या विधानाशी सहमत होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे?
अ) आखणी पूर्ण झाली की पदपथांवरचं अतिक्रमण थांबेल.
ब) आखणी झालेल्या शहरातही काही जागा फेरीवाल्यांना बंद असू शकतात.
क) महापालिकांना फेरीवाल्यांच्या उपजीविकेची काळजी नाही.
ड) टीकाकारांना २०१४ चा कायदा रद्द व्हायला हवा आहे.

याच प्रश्नावर ‘दोन उरले’ची रड सुरू होते, आणि ते दोन म्हणजे बहुधा ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ लेखकाच्या दिशेनेच चाललेला आहे, म्हणून गोड वाटतो. पण लेखक म्हणाला काय? ‘निदान... एवढं तरी सांगता येतं.’ अतिक्रमण थांबेल असं तो कुठेच म्हणाला नाही. ‘ब’ मिळमिळीत वाटतो, लेखकाचा आवेश त्यात नाही, पण त्याच्यासाठी बोट थेट ‘कुठे बसता येणार नाही हेही सांगणं’ या शब्दांवर ठेवता येतं. अनुमानाच्या प्रश्नात बरोबर उत्तर बऱ्याचदा असंच साधं असतं. ते वाचून ‘हे काय विचारायचं!’ असं वाटलं तर तो चांगला संकेत समजा. ‘ड’ही बघा: आक्षेप घेणं आणि कायदा रद्द करायला सांगणं यात अंतर आहे, आणि ते अंतर उतारा भरून देत नाही.

तिसरा प्रश्न: लेखकाने दुचाकींचा उल्लेख कशासाठी केला? असा प्रश्न आला की उल्लेख काय आहे हे न पाहता त्याच्या आधीचं वाक्य वाचा. आधी आहे: ‘हटवले की मोकळा होतो, असं गृहीत धरतात.’ मग उत्तर उघड आहे: ते गृहीतक खोटं पाडण्यासाठी. ‘वाहनतळांची कमतरता दाखवण्यासाठी’ असा पर्याय असेल तर तो खऱ्या आयुष्यात कितीही पटला तरी उताऱ्यात नाही.

लॉजिकल विभागात याच उताऱ्यावर विचारतील: लेखकाचा युक्तिवाद कशाने सर्वांत जास्त कमकुवत होईल? इथे नवीन माहिती खरी धरायची असते, म्हणून बोट ठेवण्याची रीत थोडी बदलते. आता बोट लेखकाच्या निष्कर्षावर ठेवायचं आणि तिथपर्यंत तो कोणत्या पुलावरून आला ते पाहायचं. पूल असा: आखणी झाली की कारवाई रोज नव्याने करावी लागणार नाही. ‘आखणी झालेल्या शहरांतही पूर्वीइतकीच वारंवार कारवाई करावी लागते’ हे विधान तो पूलच कापतं. ‘अनेक फेरीवाल्यांना हा कायदा माहीत नाही’ हे विधान फार तर काठावरून जातं. गृहीतक ओळखायचं असेल तेव्हा पर्याय उलटा करून पाहा. ‘आखणीमुळे नियम राबवणं सोपं होतं’ हे उलटं केलं, ‘आखणीमुळे नियम राबवणं सोपं होत नाही’ असं म्हटलं, की लेखकाचं म्हणणं कोसळतं. जो पर्याय उलटा केल्यावर इमारत पडते, ते गृहीतक. उलटा करूनही काही बिघडत नसेल तर तो पर्याय सोडून द्या.

‘च’, ‘ही’ आणि ‘तरच’

आपल्याला इथे मराठीचा मोठा आधार आहे. ‘तो येईल’ आणि ‘तो येईलच’ यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजीत हेच काम ऑल, ओन्ली, ऑलवेज, नेव्हर, मस्ट, एन्टायरली, सोल्ली असे शब्द करतात. पर्याय वाचताना प्रत्येक ठिकाणी मनात ‘च’ लावून पाहा. मग उताऱ्यात जाऊन बघा, तिथे ‘च’ आहे का. उताऱ्यात ‘मे’, ‘सम’, ‘ऑफन’, ‘टेंड्स टू’ असेल आणि पर्यायात ‘च’ असेल तर तो पर्याय गेला.

उलट चूकही होते. काही क्लासेसमध्ये सांगतात की टोकाचा शब्द असलेला पर्याय नेहमी चुकीचा. असं डोळे झाकून करू नका. लेखकाने स्वतःच ‘एकही’ किंवा ‘कधीही नाही’ म्हटलं असेल तर टोकाचा पर्यायच बरोबर असतो. ‘च’ला घाबरायचं नाही, उताऱ्यातल्या ‘च’शी तो जुळवून पाहायचा.

लीगल आणि लॉजिकल विभागांत तीन छोटे शब्द सगळ्यांत जास्त गुण खातात: इफ, ओन्ली इफ आणि अनलेस. ‘इफ’ म्हणजे ‘तर’. ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. अर्ज मुदतीत आला तर स्वीकारला जाईल, हे एक वाक्य. अर्ज मुदतीत आला तरच स्वीकारला जाईल, हे दुसरं. पहिल्यात मुदतीतला अर्ज नक्की स्वीकारला जाणार, उशिराच्या अर्जाबद्दल वाक्य गप्प आहे. दुसऱ्यात उशिराचा अर्ज नक्की नाकारला जाणार, पण मुदतीतला स्वीकारला जाईलच अशी हमी नाही, आणखी अटी असू शकतात. ‘अनलेस’ आला की ‘जोवर अमुक होत नाही तोवर’ असं मराठीत करा, गुंता सुटतो. ‘नॉट अनकॉमन’सारखं दुहेरी नकाराचं काही आलं तर ‘अगदीच दुर्मीळ नाही’ एवढाच त्याचा अर्थ. ‘सर्रास होतं’ असं म्हणणारा पर्याय त्यातून निघत नाही.

दोन पर्याय उरले की काय करायचं

या टप्प्यावर बहुतेक जण दोन्ही पर्याय पुन्हा पुन्हा वाचतात आणि कोणता जास्त चांगला वाटतो ते ठरवू पाहतात. दहा सेकंद, वीस सेकंद, चाळीस सेकंद जातात आणि शेवटी मन ज्याच्याकडे आधी कललं होतं त्यावरच शिक्का बसतो.

त्याऐवजी दोन्ही पर्याय शेजारी ठेवा आणि ते एकमेकांपासून नेमके कुठे वेगळे आहेत तो शब्द शोधा. वर ‘थांबेल’ आणि ‘बंद असू शकतात’ यांत फरक होता. फरक सापडला की तुमचा प्रश्न बदलतो. ‘अ की ब?’ असा प्रश्न उरत नाही. ‘थांबेल असं लेखक म्हणाला का?’ असा छोटा, हो-नाहीचा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर उताऱ्यातल्या दोन ओळींत मिळतं. तेवढ्याच ओळींकडे परत जा, सगळा उतारा पुन्हा वाचू नका.

दुसरं, पर्यायात चांगलं काय आहे ते शोधू नका. खोट शोधा. चुकीच्या पर्यायातही नव्वद टक्के शब्द बरोबर असतात, तसा तो बेतलेलाच असतो. एक शब्द खोटा निघाला की सगळा पर्याय बाद. त्या शब्दाला पेनाने गोल करा. हाताने गोल केला की मन पुन्हा तिकडे वळत नाही. हे मी मुलांच्या बाबतीत अनेकदा पाहिलंय.

एवढं करूनही निकाल लागला नाही तर साधारण सव्वा मिनिटानंतर निवडा आणि पुढे जा. एका प्रश्नावर तीन मिनिटं घालवली तर पुढचे दोन सोपे प्रश्न वेळेअभावी हुकतात. हळहळ त्या अवघड प्रश्नाची वाटते आणि गुण मात्र सोप्यांचे जातात.

कायद्याचे उतारे: बाहेरचं ज्ञान दाराबाहेर

लीगल रीझनिंगला कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही, असं अभ्यासक्रमातच म्हटलेलं आहे. घरात वकील असलेल्या किंवा आधीच दोन-तीन कायदे वाचून काढलेल्या मुलांना हे फार जड जातं. उताऱ्यात जो नियम दिला असेल तोच त्या सहा प्रश्नांपुरता कायदा. तुम्हाला माहीत असलेला अपवाद उताऱ्यात नसेल तर तो नाही.

समजा उताऱ्यात म्हटलंय, की निष्काळजीपणाबद्दल भरपाई मिळायला तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्याने ते मोडलं, आणि त्या मोडण्यामुळेच नुकसान झालं. मग प्रसंग येतो. एका खानावळीत फरशी नुकतीच पुसली आहे, ‘फरशी ओली आहे’ अशी पाटी मालकाने लावलेली नाही. एक गिऱ्हाईक दारातून आत येतं, अजून कोरड्या पायपुसण्यावरच असतं, उपाशीपोटी उन्हातून आल्यामुळे त्याला घेरी येते, ते पडतं आणि मनगट मोडतं. भरपाई मिळेल का?

पर्याय असे असतात: होय, कारण पाटी लावली नव्हती. होय, कारण गिऱ्हाइकाला इजा झाली. नाही, कारण पडण्याचं कारण ओली फरशी नव्हतं. नाही, कारण गिऱ्हाइकाने उपाशीपोटी यायला नको होतं.

पाटी नव्हती हे खरं आहे, आणि मालक चुकलाच हेही खरं आहे. म्हणून पहिला पर्याय ओढून घेतो. पण तिसरी अट ‘त्या मोडण्यामुळेच’ अशी आहे, पुन्हा तोच ‘च’. तिसरा पर्याय बरोबर. चौथ्याचा ‘नाही’ बरोबर आहे, पण कारण उताऱ्यातल्या एकाही अटीला चिकटत नाही. त्यामुळे ‘होय-कारण’ आणि ‘नाही-कारण’ छापाच्या प्रश्नांत आधी कारणं तपासा, होय-नाही मग आपोआप ठरतं. नियम वाचतानाच अटींना समासात १, २, ३ असे आकडे द्या आणि प्रसंग वाचताना प्रत्येक आकड्यापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करा. पीडिताबद्दल मनात कळवळा आला तर तो येऊ द्या, पण खुणा बदलू नका.

शब्दार्थ आणि सूर

शब्दार्थाच्या प्रश्नात पाठ केलेला अर्थ धोका देतो. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि ‘सँक्शन’ म्हणजे निर्बंधसुद्धा. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख किंवा नजरचूक. ‘क्वालिफाइड’ सपोर्ट म्हणजे लायक पाठिंबा नव्हे, सशर्त पाठिंबा. वाक्यातल्या त्या शब्दावर अंगठा ठेवा, गाळलेली जागा समजा आणि तिथे आपला मराठी शब्द भरा. मगच पर्यायांकडे या.

सुराच्या प्रश्नात लेखक रागावलेला आहे की विषय राग आणणारा आहे, हे वेगळं करा. दुष्काळावरचा उतारा अगदी तटस्थ सुरात लिहिलेला असू शकतो. आधी रेघ मारलेले निवाड्याचे शब्द इथे कामी येतात.

कथा-कादंबरीतला उतारा आला तर मुख्य मुद्दा शोधत बसू नका. त्या व्यक्तीला काय हवंय आणि उताऱ्याच्या शेवटी काय बदललं, एवढं धरलंत तर बहुतेक प्रश्न सुटतात.

तुक्का केव्हा लावायचा

पाव गुण वजा होतो, म्हणून मुलं प्रश्न रिकामे सोडतात. हिशेब करून बघा. काहीच न कळलेले चार प्रश्न अंदाजाने सोडवले तर सरासरीने एक बरोबर येतो, तीन चुकतात: एक वजा पाऊण, हातात पाव गुण. त्यासाठी वेळ घालवू नये. पण दोन पर्याय खात्रीने उडाले असतील तर अशा चार प्रश्नांत सरासरीने दोन बरोबर, दोन चूक: दोन वजा अर्धा, दीड गुण. म्हणजे दोन उडाले की निवडायचंच. एक उडाला असेल तरी थोडा फायदाच आहे. महाराष्ट्राच्या पाच वर्षांच्या एलएलबी सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवू नका.

ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल एकेका उताऱ्याचे सहा प्रश्न झाले की लगेच भरा. सगळे शेवटी भरू म्हणणाऱ्यांचा एक क्रमांक सरकतो आणि मग पुढची सगळी रांग सरकते.

चुकांची वही

मॉक देण्यापेक्षा मॉक तपासणं महत्त्वाचं आहे. दोन तासांच्या पेपरनंतर निदान तीन तास त्याच्याशी बसा. आधी उत्तरतालिका न उघडता चुकलेले आणि शंका आलेले प्रश्न वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवा. आता बरोबर आले तर तुमची अडचण वेगाची आहे. पुन्हा चुकले तर अडचण वाचण्याची आहे. दोन्हींचा उपाय वेगळा, आणि हे न पाहता नुसत्या मॉक देत राहिलात तर गुण आहे तिथेच राहतात.

मग प्रत्येक चुकीसाठी वहीत तीन गोष्टी लिहा: बरोबर उत्तराची ओळ उताऱ्यात कोणती, मी निवडलेल्या पर्यायातला खोटा शब्द कोणता, आणि मला तो का आवडला. तिसरी नोंद लिहायला कंटाळा येतो, पण औषध तिथेच असतं. पंधरा-वीस दिवसांत कळतं की आपण पंचवीस प्रकारच्या चुका करत नाही, दोन-तीनच करतो.

सरावासाठी कन्सोर्टियमच्या जुन्या आणि नमुना प्रश्नपत्रिका आधी घ्या, बाजारातल्या मॉक नंतर. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पर्यायांची बांधणी वेगळी असते आणि तीच परीक्षेत भेटते. एखाद्या उत्तराशी काही केल्या पटत नसेल तर तिथे अडकू नका. अधिकृत उत्तरंही कधी वादात सापडतात. २०२५ च्या पदवी प्रवेशाच्या क्लॅटमधल्या काही उत्तरांचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन ते चार अशी झाली. तेव्हा निदान शेवटचा महिनाभर मॉक त्याच वेळी द्या. जेवणानंतरच्या सुस्तीत ४५० शब्दांचे उतारे वाचणं ही वेगळीच सवय आहे, सकाळी सात वाजता दिलेल्या मॉकने ती लागत नाही.

त्या मुलाची वही माझ्याकडे बरेच दिवस होती. जुलैतल्या नोंदी लांबलचक, स्वतःवर चिडून लिहिलेल्या. सप्टेंबरपासून त्या आखूड होत गेल्या: ‘“मे” वाचला, “विल” धरला.’ ‘टी चं मत, ले चं समजलो.’ ‘पेक्षा कुठून आला?’ नोव्हेंबरच्या पानांवर प्रत्येक नोंदीत एक ओळ क्रमांक आणि एक गोल केलेला शब्द, एवढंच राहिलं होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याने नवीन मॉक घेतली नाही. रोज संध्याकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली आणि मग एक जुना उतारा सोडवला. तो सोडवताना समासात ‘ले’ आणि ‘टी’ लिहिलेलं होतं आणि उताऱ्यात रेघा मोजून पाच होत्या.